मॅडम बुधवारी असतात

सिस्टरला नावाने हाक मारणारी माणसं घरात काय ती दोन-चार. बाहेर सगळ्या गावाची ती सिस्टरच. शाळाशाळांतून फिरायचं, पोरांची वजनं-उंच्या घ्यायच्या, डोळे तपासायचे, सुया टोचायच्या, हे तिचं काम. खांद्याला पिशवी, पिशवीत डोळ्यांचा तक्ता गुंडाळलेला, आणि शिपायाच्या हातात वजनकाटा. काटा ती नेहमी भिंतीकडे तोंड करून ठेवायची. त्यावर उभ्या राहिलेल्या मुलाचा आकडा मागच्या रांगेला दिसू नये, म्हणून. वरच्या वर्गातल्या मुलींना तर त्या आकड्याची परीक्षेच्या निकालापेक्षा जास्त धास्ती.

पण त्यामुळे झालं असं की मूल भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि सिस्टर त्याच्या पाठीमागे. माणसाच्या डोळ्यांत बघून जे बोलवत नाही ते भिंतीशी बोलता येतं. काटा स्थिर होईपर्यंतच्या तेवढ्या वेळात पोरं काहीबाही बोलून जायची.

"सिस्टर, झोपच येत नाही. त्याला डॉक्टर असतो का?"

"शाळा सुटल्यावर लगेच घरी जायचं नसलं, तर बसायला कुठे जागा आहे का हो? फुकटची?"

"माझ्या मैत्रिणीला कुणाशी तरी बोलायचंय. म्हणजे माझ्या नाही, मैत्रिणीलाच."

सिस्टर म्हणायची, "बघू हं." आणि वहीत वजन लिहायची. हे 'बघू' म्हणजे काहीच नाही, हे तिला ठाऊक होतं आणि पोरांनाही. तरी पोरं विचारायची थांबत नव्हती, याचंच तिला जास्त वाईट वाटायचं.

अशात एका रविवारी तिचा धाकटा दीर घरी आला. सिस्टरचा नवरा शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं मशीन आणि कापडं बेतायचं लांबलचक टेबल. आलागेला त्या टेबलाच्या कडेलाच टेकायचा, तसा दीरही टेकला. तो नगर कार्यालयात कारकून होता, पण तात्पुरता. दर वर्षी मुदत संपायची, दर वर्षी वाढवून मिळायची, आणि दर वर्षी त्या आधीचे काही आठवडे त्याचं जेवण कमी व्हायचं.

"वहिनी, एक काम होतं. नाही म्हणायचं नाही."

"आधी काम सांग," तोंडात टाचण्या धरून नवरा म्हणाला, "नाही म्हणायचं की हो, ते ती बघेल."

"साहेबांना एक वेबसाईट करायचीय. पौगंडावस्थेतल्या मुलामुलींसाठी."

"कशातल्या?"

"पौगंडावस्थेतल्या."

"एवढं म्हणेपर्यंत पोरं म्हातारी व्हायची," नवरा म्हणाला आणि टाचण्या गिळता गिळता वाचला.

दिराने हसून घेतलं, पण त्याचं मन हसण्यात नव्हतं. गावात मुलांसाठी काय काय सोयी आहेत, कुठे जायचं, कुणाला भेटायचं, हे सगळं एका जागी हवं होतं. आणि ते मुलांनीच करायला हवं, अशी वरून अट होती. मुलं म्हटली की कुणीतरी मोठं माणूस लागणार. "तुम्हाला सगळ्या शाळा ओळखतात. फक्त नावाला बसा, भाऊजीसाठी."

सिस्टर नावाला बसायला तयार झाली नाही. ती खरोखरचीच बसायला तयार झाली. तिला वाटलं, आता कुणी विचारलं तर 'बघू' म्हणावं लागणार नाही.

दवाखान्याच्या माडीवर लसींच्या फ्रिजची खोली होती, तिथे शनिवारी दुपारी बैठक ठरली. फ्रिज अखंड घरघरायचा, मधूनच हिसका देऊन गप्प व्हायचा. तो गप्प झाला की बोलणारी पोरंही आपोआप गप्प व्हायची. एक जुना कॉम्प्युटर आला. वेगवेगळ्या शाळांतून मुलं आली, काही हौसेने, काही शिक्षकांनी ढकलली म्हणून. त्यातली बरीचशी बिस्किटं संपल्यावर गळाली. उरली ती तिघं.

एक मुलगी होती, तिला सगळे वकिलीण म्हणायचे. सोळा वर्षांची, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि कुठलंही वाक्य "पण का?" विचारल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी. दुसरा उंट. उंच, वाकून चालणारा, आणि गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी जायला सदा तयार. तिसऱ्याला गुपचूप म्हणत. तो कॉम्प्युटरपुढे बसला की मान वर करत नसे. वेबसाईट सगळी त्यानेच बांधली. त्याला काही विचारलं की तो बोलायचा नाही, करून दाखवायचा.

कार्यालयाकडून सोयींची यादी टाईप होऊनच आली होती. ती वर चढवली की काम संपलं, असं दीर म्हणाला. वकिलीण कागद खालीवर करून बघत म्हणाली, "पण का?"

"का म्हणजे?" सिस्टर म्हणाली.

"म्हणजे यात लिहिलंय तसं आहे का, ते कुणी बघितलंय?"

कुणी बघितलं नव्हतं. तेव्हा तिनेच नियम केला. आपल्यापैकी कुणीतरी त्या जागी स्वतः जायचं. कुणाची शिफारस नाही, सिस्टरचं नाव सांगायचं नाही; रस्त्यावरचं कुठलंही पोर जाईल तसं जायचं. जे दिसेल तेच लिहायचं. आणि पानावर सगळ्यात वर एक ओळ टाकायची: 'आम्ही स्वतः जाऊन पाहिलं आहे.' वेबसाईटचं नाव गुपचूपने न विचारता टाकून दिलं होतं, 'कुठे जाऊ'. ते सगळ्यांना आवडलं.

मग त्या तिघांनी गाव पालथं घातलं. उंटाचे बूट फाटले. जिथे अभ्यासिका लिहिली होती तिथे जुन्या खुर्च्यांचा ढीग होता आणि वर जाळी. पोहण्याचा तलाव चालू होता, पण मुलींची वेळ शाळेच्या वेळेतच. शिवणकामाचे वर्ग अठराच्या पुढे. बालभवन चौदाच्या आत. "म्हणजे चौदा ते अठरा आपण काय करायचं? श्वास रोखून धरायचा?" वकिलीण म्हणाली. मात्र एक म्हातारे गृहस्थ आपल्या गॅरेजात कुणालाही सायकल दुरुस्ती शिकवत होते, ते यादीत कुठेच नव्हते. उंट त्यांना शोधून आला आणि दोन दिवस तेच सांगत बसला.

समुपदेशन केंद्रात वकिलीण स्वतः गेली. यादीत लिहिलं होतं: बुधवारी दुपारी, समुपदेशक मॅडम, मोफत, नाव गुप्त. जुन्या इमारतीचा तळमजला, लांब बोळ, बोळाच्या शेवटी दार, दाराबाहेर बाक. दाराला कुलूप. पलीकडे पहारेकरी पेपर वाचत होता.

"मॅडम?"

"रजेवर आहेत."

"कधीपासून?"

पहारेकऱ्याने आठवून बघितलं. "मी इथे लागलो तेव्हापासून."

"तुम्ही कधी लागलात?"

"ते तुला कशाला?"

ही हकीकत तिने माडीवर येऊन नक्कल करून सांगितली तेव्हा सिस्टर इतकी हसली की तिला ठसका लागला. मग त्यांनी पानावर लिहिलं: 'समुपदेशन केंद्र. इथे सध्या कुणी नसतं. दार बंद असतं. जाऊ नका.' सिस्टरने ते दोनदा वाचलं. वाचताना तिला बरं वाटलं, आणि थोडी धास्तीही. इतकं खरं लिहिलेलं तिने कार्यालयाच्या कागदावर कधी पाहिलं नव्हतं.

धास्ती खोटी नव्हती. दीर पुढच्याच आठवड्यात धापा टाकत आला. "वहिनी, काय हे! साहेब म्हणतात, ही माहिती आहे की तक्रारवही?"

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. मुलांना खुर्च्या दिल्या, सरबत मागवलं, कामाचं कौतुकही केलं. मग म्हणाले, "मॅडमची जागा भरायची आहे, प्रस्ताव वर गेलेला आहे. उद्या माणूस येईल आणि आपण लिहून बसलोय की जाऊ नका. बरं दिसतं का? आपल्याच घराला आपण कुलूप लावल्यासारखं."

"कुलूप आम्ही नाही लावलं," वकिलीण म्हणाली.

साहेब हसले. "उद्घाटनाला वरचे लोक येणार. अर्धं पान रिकामं, अर्ध्यावर 'जाऊ नका'. सिस्टर, तुम्हीच समजावा यांना."

सिस्टरने तोंड उघडलं. तिला म्हणायचं होतं की मुलं बरोबर आहेत. पण साहेबांच्या मागे भिंतीला टेकून दीर उभा होता. त्या महिन्यात त्याचा कायम होण्याचा कागद साहेबांच्या सहीसाठी आत गेला होता, हे तिला माहीत होतं. तो खुणावत नव्हता. नुसता तिच्याकडे बघत होता, आणि त्याची कॉलर, नवऱ्यानेच उलटून शिवलेली, मानेवर सैल पडली होती.

"आत्ता त्यांच्या मनासारखं उद्घाटन होऊ द्या," ती मुलांना म्हणाली. "मग आपण हळूहळू बदलू."

वकिलिणीने तिच्याकडे बघितलं. "पण का?" ती म्हणाली नाही. तिने ते म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं सिस्टरला पुढे कितीदा तरी वाटलं. मुलं फक्त म्हणाली, "बरं, सिस्टर." तिच्यावर त्यांचा विश्वास होता, म्हणून.

उद्घाटन झालं. मोठ्या पडद्यावर 'कुठे जाऊ' झळकलं. मुलांचा आणि मधोमध सिस्टरचा फोटो निघाला. वेबसाईट सांभाळायचं काम आता एका कंपनीकडे गेलं आणि गुपचूपकडून किल्ली, म्हणजे पासवर्ड, काढून घेतली. त्याच संध्याकाळी त्याने घरून पान उघडून बघितलं आणि सिस्टरला फोन केला. एरवी चार शब्द न बोलणारं ते पोर म्हणालं, "तुम्ही बघा."

तिने नवऱ्याच्या मोबाईलवर बघितलं. कार्यालयाची सगळी यादी जशीच्या तशी चढवली होती. अभ्यासिका होती, वर्ग होते. 'समुपदेशन केंद्र. मॅडम बुधवारी असतात. मोकळ्या मनाने या.' सायकलवाले म्हातारे नव्हते. सगळ्यात वर तो फोटो, आणि फोटोखाली मुलांचीच ओळ तेवढी ठेवलेली: 'आम्ही स्वतः जाऊन पाहिलं आहे.'

"अक्षर छान मोठं आहे," नवरा म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याने मोबाईल हळूच काढून घेतला.

सिस्टर दुसऱ्या दिवसापासून मागे लागली. कंपनीला फोन केला, पोरगेलासा आवाज म्हणाला, "कार्यालयाने लेखी कळवलं की लगेच बदलू." कार्यालयात गेली, टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "ते आता कंपनीकडे." तिने विचारलं, निदान तो फोटो आणि ती ओळ काढता येईल का? ते म्हणाले, फोटो छान आलाय की तुमचा. वकिलिणीने अर्ज लिहिला, तिघांनी सह्या केल्या. अर्ज आवक खिडकीत गेला. खिडकीपलीकडे त्याचं काय झालं हे दिराने तरी सांगावं, म्हणून सिस्टरने त्याला घरी बोलावलं.

"वहिनी, अर्ज थांबवला मी," तो खाली मान घालून म्हणाला. "माझं होऊन जाऊ द्या. एवढंच. मग तुम्ही म्हणाल ते करतो."

त्याची मुलगी अजून रांगत होती. सिस्टरने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि आत जाऊन उगीचच धुतलेली भांडी परत धुतली.

शनिवारी माडीवर पोरं यायची थांबली. वकिलिणीचे क्लास सुरू झाले. उंट सायकलवाल्यांकडे रमला. सिस्टर काही आठवडे एकटीच जाऊन बसली. मग फ्रिजवाल्या खोलीत लसींची नवी खोकी आली आणि खुर्च्याच बाहेर काढाव्या लागल्या. तिचं एकच उरलं. शाळांत गेली की काट्यावरच्या प्रत्येक मोठ्या मुलाला ती सांगायची, "त्या वेबसाईटवरचं बुधवारचं खरं नाही हं." पण शाळा बऱ्याच होत्या आणि एका शाळेत तिची फेरी वर्षातून दोनदाच व्हायची.

अशाच एका फेरीत एक मुलगी काट्यावर चढली. मागच्या वेळेपेक्षा वजन बरंच उतरलं होतं. मनगटं काडीसारखी.

"जेवत नाहीस का गं?"

"जेवते."

"काही होतंय का? सांग मला."

मुलगी भिंतीकडे बघत राहिली. काटा थांबला तरी ती उतरली नाही. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमचा फोटो आहे ना, त्या 'कुठे जाऊ'वर?"

सिस्टरच्या हातातलं पेन थांबलं. "हो."

"मी जायचे तिकडे. बुधवारी." तिने कुणाचा दोष काढल्यासारखं म्हटलं नाही. "बाकावर बसायचे. मॅडम यायच्याच नाहीत. मला वाटलं मीच चुकीच्या वेळी जातेय. म्हणून मग लवकर जायला लागले. मग उशिरा."

"अगं, तिथे..." सिस्टरला वाक्य पुरं करता येईना. तिथे कुणीच नव्हतं, हे हिला कसं सांगायचं? आणि आम्हाला ते माहीत होतं, हे? "विचारायचं नाहीस का कुणाला?"

"तिथे एक काका असतात. ते विचारतात, काय काम आहे. काम काय सांगणार?"

मागे रांग चुळबुळत होती. कुणीतरी ओरडलं, "सिस्टर, लवकर!" तिने त्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "तू बस इथे बाजूला. एवढं आटपते, मग आपण दोघीच बोलू. चालेल?"

मुलगी काट्यावरून उतरली, चपला घातल्या. "आता नको," ती म्हणाली. "आता राहू दे." आणि वर्गात गेली.

सिस्टरने त्या दिवशी सोडलं नाही. वर्गशिक्षिकेला गाठलं. शिक्षिका म्हणाल्या, हुशार आहे, शांत आहे, काही त्रास नाही तिचा. मुख्याध्यापकांना सांगितलं, त्यांनी लक्ष घालतो म्हटलं. आठवड्याने ती रजा काढून पुन्हा त्या शाळेत गेली, तर मुलीचं नाव कमी केलेलं. मामाकडे गेली शिकायला, असं घरचे सांगून गेले होते. मामा कुठे असतो? ते शाळेला माहीत नव्हतं. घरी गेली, तर खालच्या दुकानदाराने सांगितलं, माणसं खोली सोडून गेली. बरी होती हो, भाडेकरू म्हणून काही आवाज नसायचा.

त्याच सुमाराला दीर कायम झाला. नवऱ्याने त्याला नवा शर्ट शिवला, आणि काजं-बटणं सिस्टरने केली. सगळे जेवायला जमले तेव्हा तिने त्याला बाजूला घेतलं. "भाऊजी, आता तरी तो अर्ज पुढे सरकवा. एक मुलगी..." तिने सगळं सांगितलं. दिराचे डोळे भरून आले. तो काही दगड नव्हता.

"वहिनी, साहेबांची बदली झाली. नवे साहेब आलेत, ते जुन्यातलं काहीच हातात घेत नाहीत. आणि मी आता कायम आहे ना, आता माझ्या सहीने काही चुकलं तर..." तो थांबला. कायम झाल्यावर माणूस मोकळा होतो, असं तिला वाटलं होतं. त्यालाही वाटलं असावं.

नव्या साहेबांना ती स्वतः भेटली. बुधवारी मीच तिथे बसते, दार तेवढं उघडून द्या, असं म्हणाली. ते म्हणाले, भावना चांगली आहे, पण तुमच्याकडे त्याची पदवी नाही. काही वेडंवाकडं झालं तर जबाबदार कोण? त्यांनी वेबसाईट अजून बघितलेली नव्हती. बघतो म्हणाले.

शेवटी तिने तिघांना निरोप धाडला. माडीवर जागा नव्हती म्हणून दवाखान्याच्या जिन्यावरच बसले सगळे. तिने त्या मुलीचं सांगितलं, नाव न घेता. उंट गुडघ्यांत डोकं घालून बसला. वकिलिणीने चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

मग गुपचूप बोलला. "मी बदलू शकतो."

"कसं?"

"कंपनीने मागचं दार नीट बंद केलेलं नाही. माझंच आहे ते, मला माहितीय. ती ओळ काढतो. आपलं आधीचं चढवतो. पाच मिनिटांचं काम."

"मग कर ना!" उंट उठून उभा राहिला.

"धरतील," गुपचूप म्हणाला. "कुणी केलं ते कळेल त्यांना. दुसरं कुणाला येणार?"

तिघंही सिस्टरकडे बघू लागली. खाली रस्त्यावरून कुणी हातगाडी ओढत चाललं होतं, तिच्या चाकाचा कर्रकर्र आवाज जिन्यात येत होता. हो म्हणणं किती सोपं होतं. ती ओळ आजच्या आज गेली असती. आणि उद्या पोलीस या पोराच्या दारात उभे राहिले असते, कार्यालयात त्या नव्या शर्टातल्या माणसाला विचारलं असतं, हा मुलगा तुमच्या वहिनीच्याच गटातला ना? आणि तिने काय केलं असतं? पुढे होऊन सांगितलं असतं की मी सांगितलं म्हणून केलं? तिला तसं वाटलं खरं. पण साहेबांच्या खोलीतही तिला आधी तसंच वाटलं होतं.

"नको रे," ती म्हणाली. "तू नको."

गुपचूपने मान हलवली. जणू त्याला हेच उत्तर येणार हे माहीत होतं आणि त्याने फक्त विचारून ठेवलं होतं. उंट एकेक पायरी सोडून खाली उतरला. गुपचूपही त्याच्या मागे गेला. वकिलीण तेवढी राहिली.

"ती मुलगी कुठल्या शाळेतली?"

"ते मला सांगता येत नाही गं."

"आमच्याएवढी होती?"

"हो."

वकिलिणीला अजून काहीतरी विचारायचं होतं, ते सिस्टरला दिसत होतं, आणि ते तिने विचारलंच तर काय सांगायचं याची ती मनात जुळवाजुळव करत होती. पण मुलीने दप्तर खांद्यावर घेतलं.

"येते, सिस्टर. क्लासला उशीर होतोय."

"जपून जा," सिस्टर म्हणाली, आणि वकिलीण खाली वळून दिसेनाशी झाली तरी बराच वेळ तिथेच बसून राहिली.